स्त्रियांच्या कर्करोगांवरची ४१ पुस्तकं: तपासणीच्या नोंदी

८ जानेवारी

आमच्या वैद्यकीय ग्रंथालयातलं हे कपाट बरीच वर्षं कुणी नीट चाळलेलं नाही. स्तन, गर्भाशयमुख, गर्भाशयाचं अस्तर, बीजकोश, योनी, बाह्य जननेंद्रिय, शिवाय वारेपासून होणाऱ्या गाठी. एकूण ४१ दाखलअंक: ३० छापील ग्रंथ, ७ ई-पुस्तकं, ४ रुग्णांसाठीच्या पुस्तिका. यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवायचंय. मी ग्रंथपाल आहे, डॉक्टर नाही. म्हणून पॅथॉलॉजीच्या मॅडम आणि कर्करोग विभागात बरीच वर्षं काढलेल्या एक सिस्टर, अशा दोघींना मदतीला घेतलंय. दोघीही आपापलं काम सांभाळून येणार.

अंदाज: १६ तास. (हा आकडा मुद्दाम तसाच ठेवलाय.)

१० जानेवारी

पहिली चाळणी प्रकाशनवर्षाची. पाच वर्षांपेक्षा जुनं ते बाजूला. ४१ पैकी १७ उरली, २४ टेबलाखाली खोक्यात. दोन तासांत काम उरकलं, आणि यात अवघड ते काय, असंही वाटून गेलं.

१५ जानेवारी

मॅडम आल्या, उरलेल्या १७ मधलं एक जाडजूड पुस्तक सहज उचललं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्टेजचा तक्ता उघडला आणि म्हणाल्या, "हे २००९ चं आहे." मी कव्हर दाखवलं. वर्ष २०२०. त्या म्हणाल्या, "कव्हर असू दे. तक्ता २००९ चा आहे."

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं काम यावरून बदललं.

या कर्करोगाची स्टेज, म्हणजे तो किती पसरलाय त्याची पायरी, ठरवायचे नियम फिगो करते, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. २००९ च्या नियमात १बी या पायरीचे दोनच भाग होते. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर १बी१, त्याहून मोठी असेल तर १बी२. २०१८ मध्ये त्याचे तीन भाग झाले: २ सेंटिमीटरपर्यंत १बी१, २ ते ४ म्हणजे १बी२, आणि ४ च्या वर १बी३. थोडक्यात, '१बी२' हे नाव दोन्हीकडे आहे, पण जुन्या तक्त्यात ती ४ च्या वरची गाठ आणि नव्यात ४ च्या आतली.

सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नवीन आलेली मुलगी फाइलवर १बी२ वाचते आणि इथे येऊन पुस्तक उघडते. पुस्तक सांगणार, गाठ मोठी, केमो आणि रेडिएशन. फाइलमधली बाई मात्र ऑपरेशनच्या यादीत. मग ती मुलगी समजणार की फाइलच चुकली."

पुस्तकातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. फक्त ते कुठल्या नियमाने बोलतंय हे त्याने कुठेच सांगितलं नव्हतं. ढोबळ चुका कुणाच्याही नजरेला येतात, ही येत नाही.

१७ च्या १७ परत तपासल्या. गर्भाशयमुखाचं प्रकरण असलेल्या अकरांपैकी चारांत जुनाच तक्ता. दोन तासांची चाळणी वाया.

१९ जानेवारी

आता प्रश्न असा की पुस्तकाचं खरं वय काढायचं कसं. कॉपीराइटचं वर्ष छपाईचं असतं. लेखकांनी प्रकरणं त्याआधी दोन-तीन वर्षं, कधी त्याहून आधी लिहून दिलेली असतात. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटची संदर्भसूची उघडायची आणि त्यातलं सगळ्यात अलीकडचं वर्ष टिपायचं, असं ठरवलं.

पहिल्याच पुस्तकाने धडा दिला. वर्ष २०२१. स्तनाच्या प्रकरणात शेवटचा संदर्भ २०१९ चा, बीजकोशाच्या प्रकरणात २०१५ चा. बहुलेखकी ग्रंथाला एक वय नसतंच, प्रत्येक प्रकरणाचं वय निराळं. त्यामुळे वहीत पुस्तकाला एक ओळ देणं बंद केलं आणि प्रकरणाला एक ओळ दिली. ४१ ओळींच्या २६८ झाल्या.

दोन सापळे. पहिला पुनर्मुद्रणाचा: एका ग्रंथावर ठळक '२०१७' होतं, आतल्या पानावर बारीक अक्षरात ते २००८ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण निघालं. आवृत्ती बदलली तरच मजकूर बदलतो, पुनर्मुद्रणात फार तर मुद्रणदोष सुधारतात. दुसरा सापळा म्हणजे लेखकाने शेवटच्या क्षणी घुसवलेला स्वतःचा एखादा ताजा लेख. एका प्रकरणात सगळे संदर्भ २०१३ च्या आतले आणि एकच २०१९ चा, तोही लेखकाचाच. आता सर्वांत नवा सोडून द्यायचा आणि त्याच्या खालचे पाच बघायचे, असं करते.

वेळ: पुस्तकामागे सरासरी ४० मिनिटं.

२६ जानेवारी

नुसतं वयही पुरेसं नाही. नवा लेखकही जुनं लिहून जातो. म्हणून 'खुणेचे प्रश्न' काढायचे ठरवले: ज्यांचं उत्तर अमुक वर्षी बदललं हे नक्की माहीत आहे असे. पुस्तक उघडायचं, उत्तर बघायचं, ते कुठल्या काळातलं ते कळतं.

मी उत्साहात २४ प्रश्न काढले. पहिल्या ग्रंथाला तीन तास लागले, दुसऱ्याला साडेतीन. मॅडमनी यादीवर पेन्सिल फिरवली आणि ९ ठेवले. पुन्हा करायला घेतलं तर मी पहिल्या दिवशी या नऊपासूनच सुरुवात करेन. त्यातले जास्त कामाचे ठरलेले इथे लिहून ठेवते.

गर्भाशयमुखासाठी १बी चे किती भाग, हा अर्थातच पहिला. त्याला जोडून: लसिकाग्रंथीत कर्करोग सापडला तर स्टेज बदलते का? २०१८ पासून बदलते, ३सी होते. आणि दुर्बिणीतून केलेली मोठी शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली, असं पुस्तक म्हणतं का? २०१८ मध्ये लॅक नावाच्या चाचणीत दुर्बिणीच्या गटात रोग परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. तोवर सगळे उलट धरून चालले होते. कपाटातल्या तीन पुस्तकांत स्टेजचा तक्ता २०१८ चा, पण शस्त्रक्रियेच्या प्रकरणात दुर्बिणीची बिनशर्त भलामण. तक्ता बदलणं सोपं, प्रकरण परत लिहिणं जड जातं.

बीजकोशासाठी: बीजवाहिनीचा उल्लेख कुठे येतो? हाय-ग्रेड सिरस (बीजकोशाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) यातले बरेचसे कर्करोग बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतात हे आता मानलं जातं, आणि २०१४ पासून फिगोने बीजकोश, बीजवाहिनी आणि उदराचं अस्तर यांची स्टेज एकत्र केली आहे. जुन्या पुस्तकात बीजवाहिनीचा कर्करोग म्हणजे 'अतिदुर्मीळ' म्हणून अर्धं पान.

स्तनासाठी: लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू (दूधग्रंथींच्या आतच राहिलेल्या बदललेल्या पेशी) स्टेजच्या तक्त्यात आहे का? एजेसीसी, म्हणजे कर्करोगाच्या स्टेजचे नियम करणारी अमेरिकी समिती, हिच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीने ते तक्त्यातून काढलं. ती आवृत्ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली आणि त्यात गाठीच्या आकाराबरोबर ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), ईआर आणि पीआर (संप्रेरकांचे ग्राहक), हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) यांनाही स्टेजमध्ये जागा मिळाली. दुसरा प्रश्न: 'हर-टू लो', म्हणजे हर-टू थोडंसंच असलेली गाठ, हा शब्द सूचीत सापडतो का? उपचाराच्या दृष्टीने त्याला २०२२ नंतर अर्थ आला. त्याआधीच्या पुस्तकात हर-टू एक तर पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह.

९ प्रश्नांना एका ग्रंथामागे ५० मिनिटं. हे झेपतं.

४ फेब्रुवारी

माझी चूक. दोन दिवस गेले.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे तक्ते एकटीनेच तपासत होते. सहा पुस्तकांत पहिल्या स्टेजचे १ए आणि १बी असे दोनच भाग दिसले, १सी गायब. सहाही पुस्तकांवर लाल ठिपका लावला आणि दोघींना कळवलं की मोठी गडबड सापडली आहे.

मॅडम आल्या, ठिपके पाहिले आणि विचारलं, "तू कशाशी ताडून बघतेयस?" मी वाचनकक्षातल्या भिंतीवरचा तक्ता दाखवला. तो १९८८ चा होता. १सी तेव्हा होतं. २००९ मध्ये ते काढलं गेलं: स्नायूच्या निम्म्याहून कमी १ए, निम्मं किंवा त्याच्या पुढे १बी. सहाही पुस्तकं बरोबर, भिंत चूक.

त्या तक्त्याखाली बसून किती जणांनी अभ्यास केला असेल कोण जाणे. लगेच उतरवला. मागच्या टेपचे डाग अजून आहेत.

इथेच आणखी एक गुंता सुटला, म्हणजे निदान नीट दिसला तरी. २०२३ मध्ये फिगोने या कर्करोगाची स्टेज परत बदलली आणि त्यात गाठीचा प्रकार व रेणवीय गट (गाठीच्या जनुकांतल्या बिघाडांवरून पाडलेले) आणले: पोल जनुकात म्युटेशन असलेला, डीएनएची मिसमॅच दुरुस्ती बिघडलेला, पी५३ बिघडलेला, आणि यातलं काहीच नसलेला. पण ही पद्धत सगळीकडे सारखी रुळलेली नाही, काही जण २००९ चीच वापरतात, काही दोन्ही लिहितात. म्हणजे २००९ चा तक्ता देणारं पुस्तक चूक म्हणायचं का? आम्ही नाही म्हणायचं ठरवलं. लाल ठिपका रद्द. त्याजागी नुसती चिठ्ठी: 'अस्तर: २००९ ची पद्धत.' निकाल द्यायचा नाही, फक्त वर्ष सांगायचं. ही कल्पना सिस्टरची.

९ फेब्रुवारी

ई-पुस्तकं. छापील प्रत तपासली म्हणजे तीच ई-प्रतही तपासून झाली, असं धरून सातपैकी चारांवर मी आधीच टिक केली होती. सिस्टर सहज म्हणाल्या की वॉर्डातल्या मुली मोबाइलवरच बघतात, तेव्हा मोबाइलवर उघडून बघ.

कार्बोप्लॅटिन हे बीजकोशाच्या कर्करोगातलं रोजचं औषध. त्याची मात्रा कॅल्व्हर्टच्या सूत्राने काढतात: एयूसी गुणिले कंसात जीएफआर अधिक २५. एयूसी म्हणजे रक्तात औषध एकूण किती पोचवायचं त्याचा ठरवलेला आकडा, जीएफआर म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग. छापील प्रतीत सूत्र बरोबर होतं. त्याच पुस्तकाच्या ई-प्रतीत, मोबाइलवर, कंस उडालेला. एयूसी ५ आणि जीएफआर ९० धरून दोन्ही गणितं केली:

कंसासह: ५ × (९० + २५) = ५७५ मिलिग्रॅम.
कंसाविना: ५ × ९० + २५ = ४७५ मिलिग्रॅम.

१०० मिलिग्रॅमचा फरक. रोज मात्रा काढणाऱ्याला तो खटकेल, नवख्याला नाही. प्रकाशकाला त्याच दिवशी पडद्याचं चित्र जोडून पत्र पाठवलं. चारही टिक पुसल्या आणि सातही ई-पुस्तकांतली सूत्रं आणि तक्ते परत पाहिले. आणखी एकात तक्त्याचे दोन रकाने एकमेकांत मिसळलेले सापडले. सहा तास.

सगळ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर आता शिक्का आहे: 'औषधाची मात्रा या पुस्तकावरून ठरवू नये.' हा शिक्का आधीच असायला हवा होता.

१३ फेब्रुवारी

योनी आणि बाह्य जननेंद्रियाची प्रकरणं. बहुतेक ठिकाणी आठ-दहा पानांत गुंडाळलेली. बाह्य जननेंद्रियाची स्टेज २०२१ मध्ये बदलली, ती कपाटातल्या फक्त दोन पुस्तकांत आहे. बाकीच्यांवर वर्षाची चिठ्ठी.

वारेपासून होणाऱ्या गाठींत मात्र वेगळंच निघालं. तिथे स्टेजबरोबर गुण मोजतात: ६ पर्यंत कमी धोका, ७ किंवा जास्त असेल तर जास्त धोका. कमी धोक्याला सहसा एकच औषध, जास्त धोक्याला अनेक औषधं. एका पुस्तकात 'सहापर्यंत कमी, सातहून अधिक असल्यास जास्त' असं छापलंय. बरोबर ७ गुण असलेल्या बाईने जायचं कुठे? एका शब्दाची चूक. पण मी हे पान आधी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा डोळ्यांखालून निसटलं. आता प्रत्येक सीमारेषेवरचा आकडा घेऊन बघते: बरोबर ७, बरोबर ४ सेंटिमीटर, बरोबर निम्मं. पुस्तक त्याला कुठल्या घरात बसवतं?

२० फेब्रुवारी

चित्रं. हे माझ्या यादीत नव्हतंच. सिस्टर स्तनाच्या दाहक कर्करोगाची पानं उलटत म्हणाल्या, "सगळीकडे 'लालसर त्वचा' लिहिलंय. सावळ्या बाईची त्वचा लाल दिसत नाही गं. गडद होते, तपकिरी-जांभळट होते. संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतील, सूज दिसेल, पण लाल म्हणून शोधशील तर हातातून सुटेल."

मोजलं. या कर्करोगाचं छायाचित्र असलेली पुस्तकं १४, त्यात सावळ्या किंवा काळ्या त्वचेचं चित्र असलेली २. गोऱ्या त्वचेपलीकडे रंग कसा दिसतो हे निदान शब्दांत तरी सांगणारी आणखी ३. म्हणून वहीत नवा रकाना वाढवला. मॅडमचं म्हणणं, हा रकाना पहिल्या पाचात हवा होता. बरोबर आहे. आम्ही तिघींत रोज अशा बायका समोर बघणाऱ्या सिस्टर एकट्याच, म्हणून त्यांना दिसलं.

२७ फेब्रुवारी

चार पुस्तिका. या सगळ्यात शेवटी ठेवल्या होत्या, बारीक आहेत म्हणून. खरं तर पहिल्या घ्यायला हव्या होत्या: जाड ग्रंथ वाचणाऱ्याकडे ताडून बघायला दुसरं काही तरी असतं, पुस्तिका घरी नेणाऱ्या बाईकडे नसतं.

एकीत लिहिलंय की वर्षातून एकदा सीए-१२५ या प्रथिनाची रक्ततपासणी केली की बीजकोशाचा कर्करोग वेळीच सापडतो आणि जीव वाचतो. दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण स्त्रियांत अशा चाळणीने मृत्यू कमी झाले नाहीत. ही पुस्तिका लगेच बाहेर. दुसरीत एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) लशीचे सगळ्यांना तीन डोस. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक किंवा दोन डोस चालतील असं म्हटलं, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र अजूनही जास्त लागतात. ही पुस्तिका दुरुस्तीची चिठ्ठी लावून ठेवली.

तिसरी मॅमोग्राफीची, 'पन्नाशीनंतर'. कुणाचा सल्ला, कुठल्या वर्षीचा, काहीच नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटानेच २००९ मध्ये ५० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी म्हटलं आणि २०२४ मध्ये सुरुवात ४० वर आणली. वयाचा आकडा दिला पण सांगणाऱ्याचं नाव आणि वर्ष दिलं नाही, तर तो तपासायचा कसा? ही पण काढली. चौथी बरी आहे.

६ मार्च

टेबलाखालचं खोकं. पहिल्या चाळणीत बाजूला काढलेली २४ पुस्तकं निर्लेखनासाठी, म्हणजे संग्रहातून कायमची काढण्यासाठी, यादीत घालायला बसले होते. मॅडमनी हात धरला. "२०१२ मध्ये ऑपरेशन झालेली बाई आज पुढच्या तपासणीला येते. तिच्या रिपोर्टवर १बी२ आहे. ते कुठल्या पुस्तकातून वाचशील?"

जानेवारीत मी ज्या तक्त्यावर चिडले होते, तोच तक्ता या बाईसाठी बरोबर आहे.

मग २४ परत उघडल्या. काहींची शरीररचनेची आणि शस्त्रक्रियेच्या पायऱ्यांची रेखाचित्रं नव्या पुस्तकांपेक्षा सरस आहेत, त्याला वय लागत नाही. काही खरोखरच टाकाऊ: एकात पाळी गेल्यावर संप्रेरकं सर्रास द्यावीत असा सल्ला आणि स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याची वाटाण्याएवढी तळटीप. २००२ मध्ये डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा अमेरिकेतला मोठा अभ्यास) याची संप्रेरक चाचणी मुदतीआधी थांबली, त्याच्या आधीचं पुस्तक. ते जुन्या फाइली वाचायलाही उपयोगी नाही.

१४ मार्च

आजअखेरचा हिशेब: चिठ्ठीविना शेल्फवर ९. प्रकरणवार वर्षाच्या चिठ्ठीसह शेल्फवर २०. 'जुन्या फाइली वाचण्यासाठी' अशा वेगळ्या खणात ७. निर्लेखन ४, त्यात दोन पुस्तिका. एक अधांतरी.

तास: ९४. त्यातले अंदाजे २० माझ्या चुकांचे. चिठ्ठ्यांचा डिंक निकृष्ट निघाला, पहिल्या आठवड्यातच ११ गळून पडल्या. आता प्रकरणाच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितो.

अधांतरी आहे ते कंस उडालेलं ई-पुस्तक. प्रकाशकाचं उत्तर आलं: पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. ती कधी येणार ते लिहिलेलं नाही. तोपर्यंत ई-प्रत बंद ठेवली आहे आणि यादीत त्या नावापुढे छापील प्रतीचा दाखलअंक दिला आहे. काल दोन मुली ती मोबाइलवर का उघडत नाही म्हणून विचारायला आल्या होत्या. त्यांना दोन्ही गणितं कागदावर करून दाखवली. तो कागद काउंटरवर ठेवलाय.

पुढची फेरी जुलैत, फक्त गर्भाशयाच्या अस्तराची आणि स्तनाची प्रकरणं.